सर्पविषावर वनौषधी : परंपरेचा वारसा आणि प्रयोगशाळेची कसोटी

मृग नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की बेळगाव व निपाणी परिसरातील शिवारे माणसांनी गजबजून जातात. खानापूर तालुक्यातील भातलावणी असो, निपाणी भागातील तंबाखूची लागण असो किंवा दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरील उसाची भांगलण असो, अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी चिखलात, गवतात आणि पाल्यापाचोळ्यात वावरल्याखेरीज शेतकऱ्याचे काम होत नाही. याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात, बेडूक व उंदीर यांच्या मागावर बांधावर, गोठ्यात, प्रसंगी घरातही येतात. सर्पदंशाच्या घटना या काळात वाढतात त्या यामुळेच.

या सीमाभागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावांतून सर्पदंशावर झाडपाल्याचे औषध देणारे जाणकार पूर्वापार आहेत. कोणी वैदू म्हणून ओळखला जातो, कोणी नाटी वैद्य म्हणून. कोणाकडे एखादी मुळी असते, कोणाकडे पाल्याचा रस. गावकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास असतो आणि या जाणकारांपैकी पुष्कळजण मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सेवाभावाने औषध देतात, हेही खरे आहे. तथापि या औषधांनी सापाचे विष खरोखरच उतरते काय, हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नसून माणसाच्या जीविताचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा शास्त्रीय प्रयत्न गेल्या शतकापासून आपल्या देशात चालू आहे. त्या प्रयत्नांची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंविषयीचा एक विस्तृत अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली. वर्षाकाठी हे प्रमाण सरासरी ५८ हजार इतके पडते. यांपैकी बहुतांश मृत्यू ग्रामीण भागात झाले आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडले. मृतांपैकी सुमारे एक चतुर्थांश पंधरा वर्षांखालील मुले होती. सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, सर्पदंशाचे बहुसंख्य मृत्यू रुग्णालयात झालेच नाहीत. ते घरी, वाटेत किंवा अन्यत्र उपचार चालू असताना झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०३० पर्यंत त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवले. त्याच धर्तीवर केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. कर्नाटक शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची नोंद शासनास कळविणे बंधनकारक केले आहे. नोंद झाली म्हणजे कोणत्या भागात किती औषध हवे, याचा अंदाज बांधता येतो.

चार प्रमुख विषारी साप

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी विषारी सुमारे साठ. माणसाच्या मृत्यूस प्रामुख्याने कारणीभूत होणाऱ्या जाती मात्र चारच मानल्या जातात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग व मण्यार यांच्या विषाचा मारा मुख्यतः चेतासंस्थेवर होतो. मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश थांबतो. प्रथम पापण्या जड होतात, मग बोलणे व गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वासोच्छ्वास चालविणारे स्नायू लुळे पडतात. नागाच्या दंशाच्या जागी सूज येते व मांस कुजते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी क्षुल्लक असते की कित्येकदा रुग्णास काही चावल्याचेच कळत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, डोळे उघडेनासे होतात, तेव्हा घरच्यांना शंका येते.

घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर व रक्तवाहिन्यांवर परिणाम करते. रक्त गोठविणारे घटक खर्ची पडतात आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून रक्त येऊ लागते. घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

सापाचे विष म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यांत ऊती विरघळविणारी विकरे असतात, विष शरीरात पसरण्यास वाट करून देणारी विकरे असतात, पेशींची आवरणे तोडणारी असतात आणि नसांवर थेट आघात करणारी लहान प्रथिनेही असतात. एखादा पदार्थ यांपैकी एका घटकास रोखतो, एवढ्यावरून तो संपूर्ण विष उतरवितो असे म्हणता येत नाही. वनौषधींच्या संशोधनाचे मर्म या एका वाक्यात आहे.

औषधाचा गुण आल्याचे का वाटते?

मुळीच्या औषधाने माणूस वाचल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सांगितली जातात. ती सर्व खोटी आहेत, असे नव्हे. माणसे वाचली हे खरे असते, परंतु ती कशामुळे वाचली याचा उलगडा वेगळा असतो.

धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांसारखे बिनविषारी साप मोठ्या संख्येने आढळतात व चावतातही. कवड्या साप तर मण्यारीसारखा दिसत असल्याने पुष्कळदा मण्यार समजला जातो. अशा सापाच्या दंशानंतर कोणतेही औषध दिले, किंवा दिलेच नाही, तरी रुग्ण बरा होतो. दुसरे असे की, विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. त्यास कोरडा दंश म्हणतात. तिसरी गोष्ट, विष थोडे शिरले असल्यास निरोगी माणूस त्रास सोसूनही त्यातून उठतो. या तिन्ही प्रकारच्या रुग्णांचे श्रेय जवळच्या औषधास मिळते. जो दगावतो त्याच्याविषयी मात्र ‘उशीर झाला’, ‘पथ्य मोडले’ असे म्हटले जाते. यशाची मोजदाद होते, अपयशाची होत नाही.

म्हणून खरी परीक्षा घ्यावयाची तर कोणते विष, किती मात्रेत, कोणत्या औषधाच्या किती मात्रेने रोखले गेले, हे मोजूनच पाहावे लागते. हे काम प्रयोगशाळेत होते.

हाफकिन संस्थेतील ऐतिहासिक चाचणी

मुंबईत परळ येथे १८९९ साली स्थापन झालेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. या संस्थेत डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर जे. एफ. केयस या दोन संशोधकांनी सर्पदंशावरील देशी वनस्पतींची पद्धतशीर तपासणी हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांत सर्पदंशावर गुणकारी समजल्या जाणाऱ्या ३१४ वनस्पती आणि त्यांची १८४ मिश्रणे त्यांनी तपासली. तिचा वृत्तांत १९३१ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी एकही वनस्पती सर्पविषास प्रतिबंध करणारी वा ते उतरविणारी ठरली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे दोघे संशोधक वनौषधींचे विरोधक नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व बी. डी. बसू यांनी सिद्ध केलेल्या भारतीय औषधी वनस्पतींवरील बृहद्ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३३ साली निघाली, तिच्या संपादनात म्हसकर व केयस या दोघांचाही वाटा होता. वनस्पतींवर प्रेम असणाऱ्या अभ्यासकांनीच हा निर्णय दिला, यामुळे त्याचे वजन अधिक आहे.

तथापि त्या काळी विषातील घटक वेगळे काढून एकेकाची तपासणी करण्याची साधने नव्हती. पुढे ती उपलब्ध झाली, तेव्हा हा प्रश्न नव्याने हाती घेण्यात आला.

चाचणी कशी होते?

प्रथम वनस्पतीची ओळख निश्चित करावी लागते. सीमाभागात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. मराठीतील निर्गुंडीस कन्नड भाषक ‘लक्की’ म्हणतात. लाजाळूस ‘मुट्टिदरे मुनि’ आणि अनंतमुळास ‘सोगदे बेरु’ ही नावे आहेत. उलटपक्षी एकच नाव दोन गावांत दोन निराळ्या झाडांना असू शकते. म्हणून वनस्पतीचा फुलाफळांसह नमुना घेऊन तो दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून संग्रहात ठेवतात आणि वनस्पतिशास्त्रज्ञांकडून तिचे शास्त्रीय नाव निश्चित करून घेतात. झाड कोठले, कोणत्या ऋतूत काढले आणि मूळ, पान, साल की बी वापरले, याचीही नोंद होते.

त्यानंतर तो भाग सावलीत वाळवून, दळून, पाणी वा मद्यार्क यांसारख्या द्रावकात भिजवून त्याचा अर्क काढतात. पहिली तपासणी परीक्षानळीत होते. विषातील एखादे विकर घेऊन त्याचे काम अर्कामुळे किती मंदावते, हे मोजले जाते. रक्त गोठण्यावर, तांबड्या पेशी फुटण्यावर काय परिणाम होतो तेही पाहतात.

दुसरी पायरी प्राण्यांवरील चाचणीची. ती उंदरांवर, नैतिक समितीची पूर्वपरवानगी घेऊन केली जाते. निम्मे उंदीर मरतील एवढी विषाची मात्रा आधी ठरवितात आणि तिच्या ठरावीक पटीतील विष चाचणीसाठी घेतात. येथे दोन पद्धती आहेत व त्यांतील भेद समजून घेण्यासारखा आहे. एका पद्धतीत विष व अर्क नळीत एकत्र करून काही वेळ ठेवतात आणि मग ते मिश्रण टोचतात. दुसऱ्या पद्धतीत आधी विष टोचतात आणि नंतर अर्क देतात. शेतात घडते ते दुसऱ्या पद्धतीप्रमाणे. साप आधी चावतो, औषध मागाहून मिळते. पहिल्या पद्धतीत उत्तीर्ण झालेले पुष्कळ अर्क या दुसऱ्या परीक्षेत कमी पडतात.

याचे एक कारण टॅनिन हे द्रव्य होय. आवळा, चिंचोका, बाभळीची साल यांना जो तुरटपणा असतो तो या द्रव्यामुळे. चामडे कमाविण्यासाठी ते वापरतात, कारण ते प्रथिनांना घट्ट बांधते. सापाचे विषही प्रथिनच असल्याने नळीत टॅनिन त्यासही बांधून टाकते आणि अर्क फार प्रभावी असल्याचा भास होतो. परंतु तोच रस माणसास पाजला तर टॅनिन आतड्यातून रक्तात पुरेशा प्रमाणात उतरत नाही, आणि विष तर रक्तात व स्नायूंत केव्हाच पोहोचलेले असते. म्हणून कसलेले संशोधक अर्कातून टॅनिन काढून टाकून पुन्हा चाचणी घेतात.

यानंतर अर्काची स्वतःची विषारीता तपासणे, त्यातील नेमका गुणकारी घटक वेगळा करणे, प्रचलित प्रतिविषाशी त्याची तुलना करणे, आणि हे सर्व समाधानकारक ठरल्यास माणसांवर नियंत्रित चाचणी करणे, अशा पायऱ्या असतात. सर्पदंशावरील कोणतीही वनस्पती ही शेवटची पायरी ओलांडून प्रतिविषाच्या जागी मान्यता पावलेली नाही.

आजवर काय हाती लागले?

तरीही हे संशोधन निष्फळ ठरलेले नाही. कलकत्ता विद्यापीठातील अँटनी गोम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनंतमुळाच्या मुळांतून घोणशीच्या विषास विरोध करणारा घटक वेगळा काढल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. निर्गुंडी व आवळा यांच्या मुळांचे अर्क घोणस व नाग यांच्या विषाची मारकता प्राण्यांत कमी करतात, असे त्यांच्या २००३ मधील अभ्यासात आढळले. म्हैसूर विद्यापीठात याविषयी दीर्घकाळ काम झाले. तेथील संशोधकांनी चिंचोक्याच्या अर्काची घोणशीच्या विषावरील क्रिया २००६ मध्ये मांडली. अश्वगंधेतील एक प्रथिन नागाच्या विषातील काही विकरांना रोखते, हेही त्यांनी दाखविले. लाजाळूच्या मुळांविषयी आपल्या देशात एकाहून अधिक ठिकाणी अभ्यास झाले आहेत. ब्राझीलमध्ये माक्याची आणि हळदीतील एका घटकाची तेथील सापांच्या विषावर चाचणी घेण्यात आली.

ही सर्व झाडे आपल्या बांधावरची, परसातील वा सह्याद्रीच्या रानातील आहेत. परंतु या निष्कर्षांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. काळमेघाच्या अर्काविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उदाहरण उद्बोधक आहे. नागाचे विष टोचलेल्या उंदरांचे आयुष्य या अर्काने लांबले, परंतु केवळ अर्कावर ठेवलेले प्राणी मृत्यूपासून वाचले नाहीत. प्रतिविषाच्या जोडीने अर्क दिला असता मात्र उपयोग दिसून आला. यावरून संशोधनाची दिशा स्पष्ट होते. वनस्पतीतील घटक प्रतिविषाची जागा घेतील, अशी अपेक्षा नसून दंशाच्या जागची सूज व मांस कुजणे थांबविणे किंवा प्रतिविष मिळेपर्यंत थोडा अवधी मिळवून देणे, असा त्यांचा उपयोग होऊ शकेल काय, हे पाहिले जात आहे.

झाडाचे म्हणून निर्धोक नव्हे

झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय होत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या ईश्वरी या वेलीचे उदाहरण घ्यावे. काही भागांत तिला सापसण म्हणतात. तिच्यातील एक आम्ल घोणशीच्या विषातील एका विकरास रोखते, हे म्हैसूरच्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखविले. परंपरेतील जाणकारांची दृष्टी किती सूक्ष्म होती याचा हा पुरावाच होय. परंतु हेच आम्ल माणसाची मूत्रपिंडे निकामी करते. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत वजन घटविण्यासाठी याच कुळातील वनस्पती असलेले औषध घेतलेल्या कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. हे आम्ल कर्करोगास कारण होते, असेही पुढे सिद्ध झाले. घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडांवर आधीच ताण आलेला असताना अशा मुळीचा रस पाजणे किती घातक, हे सांगावयास नको.

आणखी एक धोका प्रत्यक्ष पाजण्याचा आहे. नाग वा मण्यार चावलेल्या माणसाची गिळण्याची शक्ती कमी होत जाते. अशा वेळी तोंडात ओतलेला रस अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो व रुग्ण गुदमरतो. विष चढले की नाही हे पाहण्यासाठी कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावावयास देणे, दंशाच्या जागी कोंबड्या लावणे, यांतूनही काही निष्पन्न होत नाही. जातो तो केवळ वेळ, आणि सर्पदंशात वेळेइतके मोलाचे दुसरे काही नसते.

सर्पगंधेचा धडा

सर्पगंधा या वनस्पतीच्या नावातच सर्प आहे. सर्पदंशावर तिची मुळी देण्याची प्रथा फार जुनी आहे. परंतु तिचा खरा गुण निराळाच निघाला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा उपयोग केला आणि १९४९ साली आपले अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबावरील औषध म्हणून ते जगभर वापरात आले. परंपरेने ‘या मुळीत काहीतरी आहे’ एवढे सांगितले. ते काय व कशावर, हे कसोटीने ठरले. परंपरेचा आदर करावयाचा तो अशा रीतीने.

प्रतिविष : आजचा एकमेव सिद्ध उपाय

सर्पविषावरील प्रतिविष तयार करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आल्बेर कालमेत यांनी प्रत्यक्षात आणली. घोड्यास विषाच्या अत्यल्प मात्रा वाढत्या प्रमाणात टोचतात. त्याच्या रक्तात विषास बांधणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती शुद्ध करून कुपीत भरली जातात. भारतात मिळणारे प्रतिविष वर उल्लेखिलेल्या चारही सापांवर चालते, त्यामुळे यांपैकी कोणता साप चावला हे ठाऊक नसले तरी उपचार अडत नाहीत. त्यासाठी लागणारे विष मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुला आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून मिळत आले आहे. साप पकडण्याचे पिढीजात ज्ञान येथे शास्त्राच्या उपयोगी पडले.

प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नाग वा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार वा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका कुपीने घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष उतरते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. सुरुवातीस आठ ते दहा कुप्या का द्याव्या लागतात, हे या साध्या हिशोबावरून कळते. पाल्याच्या वाटीभर रसाने एवढे विष, तेही पोटाच्या वाटेने, उतरेल काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

प्रतिविषासही मर्यादा आहेत. ते घोड्याच्या रक्तापासून केलेले असल्याने काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच, शिरेवाटे, ॲड्रेनॅलिनची तयारी ठेवून द्यावे लागते. पश्चिम घाटातील बुटक्या नाकाच्या चापड्यासारख्या सापांवर ते चालत नाही. मण्यारीचे विष नसांना एकदा जखडून बसले की प्रतिविष देऊनही कित्येक तास, प्रसंगी काही दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज लागते. कुजलेले मांस त्याने पूर्ववत होत नाही. या उणिवा भरून काढण्यासाठीच वनस्पतींतील घटकांचा व इतर रासायनिक औषधांचा शोध चालू आहे.

बेळगावची संस्था

या दृष्टीने बेळगावचे स्थान लक्षणीय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने येथे २००६ साली प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र स्थापन केले. आता ते राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था या नावाने ओळखले जाते. पारंपरिक औषधांची शास्त्रीय पडताळणी हा त्याच्या कार्याचा गाभा आहे. पश्चिमेस खानापूर, जांबोटी, कणकुंबी, भीमगडचे अरण्य व आंबोलीपर्यंतचा सह्याद्री, पूर्वेस पठारावरील कोरडवाहू शिवार, अशा दोन निराळ्या वनस्पतिसृष्टींच्या सीमेवर हे शहर वसले आहे. अभ्यासास याहून योग्य जागा क्वचितच मिळेल.

गावोगावच्या वैदूंकडील ज्ञान त्यांच्याबरोबर लोप पावत आहे. पुढची पिढी ते शिकण्यास फारशी उत्सुक नाही. जैवविविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक गावात लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. जाणकारांच्या संमतीने व त्यांच्या नावाच्या श्रेयासह ही माहिती तीत नोंदविली गेल्यास ती संशोधकांस उपलब्ध होईल आणि त्यापासून पुढे काही लाभ झाल्यास त्यात गावाचाही वाटा राहील. शाळांतील शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. विद्यार्थ्यांकडून परिसरातील औषधी वनस्पतींचे नमुने व त्यांची मराठी-कन्नड नावे गोळा करविणे, हा उत्तम उपक्रम ठरेल.

दंश झाल्यास काय करावे?

सर्पदंश झाल्यावर पुढील गोष्टी प्रत्येकाने पाळाव्यात :

१. रुग्णास धीर द्यावा, चालावयास वा धावावयास लावू नये. धावपळीने विष लवकर पसरते.

२. दंश झालेला हात वा पाय लाकडी पट्टी वा काठी बांधून, हाड मोडल्यावर ठेवतात तसा स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढून घ्यावेत.

३. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, बर्फ वा चुना लावू नये.

४. तोंडाने कोणताही रस, काढा वा मद्य देऊ नये. ओकारी येत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे.

५. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा अथवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या, प्रतिविष असलेल्या शासकीय रुग्णालयात तत्काळ न्यावे. साप पकडण्यात वा मारण्यात वेळ घालवू नये.

६. दंशाची व लक्षणे दिसू लागल्याची वेळ ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावी. मुळी वा लेप दिला असल्यास तेही न लपविता सांगावे.

रुग्णालयात रक्ताचे दोन मिलिलिटर कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे ठेवतात. तेवढ्यात ते गोठले नाही तर घोणस वा फुरशाचे विष शिरल्याचे कळते. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. आरोग्य अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच प्रतिविषाचा साठा, ॲड्रेनॅलिन आणि पुढील रुग्णालयाकडे नेण्याची वाहनव्यवस्था यांची खातरजमा करून ठेवणे आवश्यक आहे.

प्रतिबंधाचे उपायही साधे आहेत. शेतात गुडघ्यापर्यंतचे बूट व रात्री विजेरी वापरणे, जमिनीवर न निजता खाटेवर मच्छरदाणी लावून निजणे, घराजवळ लाकूडफाटा व कचऱ्याचे ढीग न ठेवणे आणि उंदरांचा बंदोबस्त करणे, एवढ्याने पुष्कळ दंश टळतात.

वैदूंचे सहकार्य

सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांवर ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने हे काम होणार नाही. संकटाच्या वेळी गावकरी प्रथम ज्याच्या दारी धावतो, त्या वैदूनेच ‘आधी दवाखाना गाठा’ असे सांगितले तर त्याचा शब्द मानला जातो. ग्रामपंचायतींनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी या मंडळींना दूर न लोटता त्यांना दंशाची लक्षणे व प्रथमोपचार शिकवावेत, त्यांच्याजवळ रुग्णवाहिकेचा क्रमांक द्यावा. आपल्या वनस्पतींचे ज्ञान त्यांनी संशोधकांच्या हाती सोपवावे आणि रुग्ण डॉक्टरांच्या हाती.

सह्याद्रीच्या रानातील एखादी मुळी पुढेमागे सर्पविषावरील औषधात स्थान मिळवील, ही आशा बाळगण्यास जागा आहे. तिची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी, शिवारात चावलेल्या माणसावर नव्हे. तोपर्यंत दंश झालेल्या प्रत्येकास वेळेवर प्रतिविष मिळणे, हेच त्याचे प्राण वाचविण्याचे साधन आहे, आणि ते वेळेवर मिळवून देणे हे संपूर्ण गावाचे कर्तव्य आहे.